वेंडेलरावांचा पिस्तुलाचा अर्ज

"त्यांना विचारा, पिस्तूल पाहिजे कशासाठी?" आप्पा म्हणाले.

स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका बाजूला माझे सासरे आप्पा. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. दुसऱ्या बाजूला आमचा शेजारी वेंडेल क्रॉस. उंची सहा फूट दोन इंच, वय एकाहत्तर, टोपी काढून दोन्ही हातांत धरलेली. मध्ये मी, दुभाषा. टेबलावर भरलेला अर्ज होता आणि त्याच्या शेजारी मेथीची जुडी, कारण ती निवडायचं काम माझ्याकडे होतं आणि या भानगडीत ते राहून गेलं होतं.

मी वेंडेलला इंग्रजीत विचारलं.

"माझा हक्क आहे म्हणून," वेंडेल म्हणाला.

मी मराठीत सांगितलं. आप्पांनी रकाना चौदावर पेन टेकवलं आणि मान हलवली.

"हक्क हे कारण होत नाही. कारण म्हणजे, जिवाला धोका आहे का? सोन्याची ने-आण करता का? पिकात रानडुकरं शिरतात का?"

"आप्पा, त्यांच्या घरामागे तीस फूट लॉन आहे. रानडुकरं कुठली?"

"जावईबापू, उत्तर तुम्ही देऊ नका. अर्जदाराला देऊ द्या."

मी वेंडेलला म्हणालो, "ते विचारतायत, चहा घेणार का."

आता हे सगळं मुळात सुरू कसं झालं ते सांगायला हवं. गोष्ट चार वर्षांपूर्वीची, २०२२च्या उन्हाळ्यातली. आम्ही तेव्हा ओहायोतल्या एका लहान गावात राहत होतो. मी रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो, आणि माझी बायको वैजू फिजिओथेरपिस्ट. ग्रीन कार्डची मुलाखत सप्टेंबरात लागली होती. त्या उन्हाळ्यात मी इतका सज्जन झालो होतो की रस्त्यात गाडी नसली तरी लाल दिव्याला उभा राहायचो. आपल्या नावावर काही लागू नये, एवढीच माझी देवाकडे मागणी होती.

आणि त्याच वर्षी मे महिन्यात आप्पा सहा महिन्यांसाठी आले.

आप्पा म्हणजे गजानन हिप्परकर. आमच्याकडच्या एका जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त. एकतीस वर्षांच्या नोकरीतली एकोणीस वर्षं त्यांनी शस्त्रपरवान्याच्या टेबलावर काढली. साखर कारखान्याचे संचालक, वाळूवाले, सरपंचाचे मेहुणे, ज्यांना ज्यांना कमरेला पिस्तूल लावून लग्नात मिरवायचं होतं ते सगळे त्यांच्या टेबलासमोर उभे राहून गेले होते. लोक म्हणायचे, पोराच्या बारशाला दिलेला अर्ज हिप्परकर पोराच्या लग्नात मंजूर करतात. आप्पांना हे कौतुक वाटायचं.

इथे आल्यापासून मात्र त्यांचं कशात लक्ष नव्हतं. सकाळी खिडकीशी बसायचे, दुपारी दुसऱ्या खिडकीशी. जेवण तर अर्ध्या भाकरीवर आलं होतं. वैजू काळजीत होती.

जुलैच्या शेवटी एका सकाळी वेंडेल कुंपणावरून टोमॅटो द्यायला आला. टोपली ठेवायला वाकला तसा त्याचा शर्ट वर सरकला आणि कमरेला खोचलेलं पिस्तूल दिसलं. मला दिसलं नाही. आप्पांना दिसलं. एकोणीस वर्षांची नजर होती ती.

"परवाना बघू म्हणावं," आप्पा म्हणाले.

"सासरे म्हणतायत, टोमॅटो छान आहेत," मी वेंडेलला सांगितलं.

पण आप्पांचं बोट थेट त्याच्या कमरेकडे होतं. वेंडेल हसला आणि शर्ट नीट करत म्हणाला, "सांग त्यांना, आता परवाना लागत नाही. जूनपासून आपल्या राज्यात नियमच काढून टाकलाय. वय एकवीस पाहिजे आणि कोर्टानं बंदी घातलेली नको. मग खुशाल कपड्याआड लावून फिरा."

मी सांगितलं. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तो नियम काढलाय.

"परवाना नाही?"

"नाही."

"पण अर्ज तर द्यावा लागत असेल?"

"नाही, आप्पा."

"साध्या कागदावर?"

"नाही."

"तोंडी?"

"तोंडीसुद्धा नाही."

त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनी विचारलं, "म्हणजे आधी होता परवाना? टेबल होतं?"

"होतं. आठ तासांचा वर्ग असायचा, गोळी मारून दाखवावी लागायची, मग शेरीफच्या कचेरीत अर्ज. हवा असेल त्याला आजही काढता येतो. पण हवाच असा नियम नाही."

"मग त्या टेबलावरचा माणूस आता दिवसभर काय करतो?"

वैजूने फोनवर नकाशा काढून दाखवला. परवान्याची अट काढलेली राज्यं त्यात हिरवी होती. पंधरा वर्षांपूर्वीच्या नकाशात दोन, आताच्या नकाशात जवळजवळ निम्मा देश. आप्पांनी दोन्ही नकाशे बोटाने पुढे-मागे करून पाहिले.

"साथ आहे ही," ते म्हणाले. "एका ठिकाणी आली की शेजारी जातेच. आधी टेबल हलवतात, मग कपाट हलवतात, मग माणूस."

मग त्यांनी वैजूकडे रेघांची वही आणि पट्टी मागितली आणि दुपारभर बसून एक नमुना आखला. शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज, रकाने एकवीस. मला वाटलं, बरं झालं, म्हातारा कशात तरी रमला. माझी अक्कल तिथेच गहाण पडली.

दोन दिवसांनी वेंडेल रिकामी टोपली न्यायला आला. टेबलावरचा कागद पाहून त्याने विचारलं हे काय. मी हसत हसत सांगितलं. मला वाटलं तोही हसेल. तो हसला नाही.

"हा परवाना मिळवणं कितपत कठीण असतं?" त्याने विचारलं.

"फार कठीण. बहुतेकांना मिळत नाही."

"म्हणजे हे नामंजूर करतात? सरळ नाही म्हणून सांगतात?"

"यांचा तो लौकिकच आहे."

वेंडेलने आप्पांकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाला, "मला एक दे."

असा तो अर्ज आला, आणि असे आम्ही त्या शनिवारी मेथीच्या जुडीभोवती बसलो होतो. आप्पांनी त्या पहिल्या खेपेला नऊ त्रुटी काढल्या. फोटो नाही. वडिलांचं नाव अर्धवट. सहीत आणि नावात फरक. चालचलणुकीचे दोन दाखले जोडलेले नाहीत. रकाना चौदा, शस्त्र बाळगण्याचे कारण, कोरा. त्यांनी वर लाल पेनाने 'त्रुटीपूर्ततेसाठी परत' असं लिहून कागद वेंडेलच्या हातात दिला.

"म्हणजे मी नापास?" वेंडेलने मला विचारलं.

"अजून नाही. सगळं पूर्ण करून परत यायचं."

वेंडेल टोपी घालून गेला. त्याचा चेहरा जरा उतरला होता. मला वाटलं, रागावला. कमरेला पिस्तूल असलेला माणूस माझ्या घरातून रागावून गेला, या विचाराने मी दाराची कडी दोनदा तपासली.

"वैजू, हे थांबलं पाहिजे," मी तिला गाठून म्हणालो. "आप्पा व्हिजिटर व्हिसावर आहेत. व्हिजिटरला इथे नोकरी करता येत नाही. आणि हे तर सरकार चालवतायत!"

"पगार कुठे घेतायत?"

"बिनपगारी सरकार चालवतायत, ते आणखी वाईट! मुलाखतीत विचारलं की तुमच्या घरात काय चालतं, तर काय सांगू? शस्त्रपरवाना शाखा?"

"उमेश," वैजू म्हणाली, "आप्पांनी आज दोन भाकऱ्या खाल्ल्या. मेपासून पहिल्यांदा. तू तुझं दुभाषाचं काम कर. आणि मेथी निवड."

पुढच्या शनिवारी वेंडेल फोटो घेऊन आला. फोटोत तो गुडघाभर पाण्यात उभा होता आणि त्याच्या हातात भला मोठा मासा होता. आप्पांनी फोटो उजेडात धरला.

"हा मासा अर्जदारापेक्षा ठळक आलाय."

"ते म्हणतायत, दुसरा फोटो आणला तर बरं होईल," मी वेंडेलला सांगितलं.

"म्हणजे हा चालत नाही?" वेंडेलचा चेहरा उजळला. "मग नापास?"

"नापास नाही. दुसरा आणा."

"असं," वेंडेल म्हणाला आणि त्याचा चेहरा परत उतरला.

दाखलेही अजबच होते. एक त्याच्या न्हाव्याने दिला होता. त्यात लिहिलं होतं, 'वेंडेलचे केस मी चोवीस वर्षं कापतोय, तो खुर्चीत कधी हलला नाही.' मी हे वाचून दाखवताना मनात म्हटलं, आता आप्पा हा कागद भिरकावणार. पण त्यांनी गंभीरपणे समासात शेरा मारला, 'अर्जदार स्थिरचित्त दिसतो.' दुसरा दाखला गुरांच्या डॉक्टरचा होता. त्याचं म्हणणं, वेंडेलचा कुत्रा दोन वेळा त्याला चावला, वेंडेल एकदाही चावला नाही. आप्पांनी तोही घेतला आणि खाली लिहिलं, 'कुत्र्याची स्वतंत्र चौकशी व्हावी.'

मग जागेची पाहणी. हे ऐकून मी हात टेकले. पण आप्पा सदऱ्याचं वरचं बटण लावून निघाले होते, आणि त्यांना एकटं सोडणं म्हणजे त्याहून मोठा धोका होता.

वेंडेलचं घर स्वच्छ होतं. जेवणाच्या टेबलाला सहा खुर्च्या. पाच खुर्च्यांवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे, सहावी रिकामी. भिंतीवर त्याच्या बायकोचा फोटो होता. ती दीड वर्षापूर्वी गेली, असं तो म्हणाला. त्यानंतर घरात आवाज व्हायचे, म्हणून पिस्तूल घेतलं. कसले आवाज, आप्पांनी विचारायला लावलं. "फ्रिजचे," वेंडेल म्हणाला. "पण ते नंतर कळलं."

गॅरेजमध्ये एक गुलाबी सायकल होती, लहान मुलीची. चाकांतली हवा गेलेली.

"कुणाची म्हणावं?"

"नातीची."

"येते का ती?"

वेंडेलने गवत कापायचं यंत्र पायाने जरा बाजूला सारलं. "यायची," तो म्हणाला.

आप्पांच्या हातात वही उघडी होती. त्यांनी त्यात काही लिहिलं नाही. परत येताना मी विचारलं, पाहणीचा अहवाल काय. ते म्हणाले, "घर मोठं आहे हो, जावईबापू."

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वेंडेल तिसऱ्यांदा आला. आता सगळं होतं. फोटो एकट्याचा, सही नावाप्रमाणे, दाखले दोन, पाहणी झालेली. रकाना चौदात त्याने या वेळी 'स्वसंरक्षण' असं लिहून टाकलं होतं, कारण तसं लिहा असं मीच त्याला कुंपणावरून सुचवलं होतं. माझी मुलाखत चोवीस दिवसांवर आली होती आणि मला ही शाखा बंद करायची होती.

"आप्पा, आता देऊन टाका," मी म्हणालो. "सगळी पूर्तता झालीय."

आप्पांनी तीन वेळा अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. एकतीस वर्षांत त्यांनी एकाही आदेशावर स्वतः सही केली नव्हती. ते टिपणी लिहायचे, फाईल पुढे ठेवायचे, सही साहेबांची. आज साहेबही तेच होते. वैजूने त्यांच्यासाठी अर्धा बटाटा कोरून शिक्का केला होता. तीन सिंह कोरू नकोस, गुन्हा होईल, असं मी तिला बजावलं होतं, म्हणून तिने सूर्य कोरला होता. तो फुटलेल्या अंड्यासारखा दिसत होता. शाईच्या जागी ओलं कुंकू.

आप्पांनी 'मंजूर' लिहिलं, बटाटा कुंकवात दाबला आणि कागदावर ठोकला. मग सही केली आणि सवयीने खाली 'करिता' असं लिहिलं. कुणाकरिता, ते क्षणभर त्यांना सुचेना. ते 'राज्यपाल' लिहायला लागले तसा मी त्यांचा हातच धरला. शेवटी नुसतंच 'करिता' राहिलं.

"अभिनंदन," आप्पा उभे राहून इंग्रजीत म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

वेंडेलने हात धरला नाही. तो खुर्चीत बसला. तीन खेपांत पहिल्यांदाच, कुणी बसा म्हणायच्या आधी.

"मिळाला?" त्याने मला विचारलं.

"मिळाला!"

"नीट तपासलं त्यांनी?"

"एकवीस रकाने."

"डोळ्यांचं विचारलंच नाही. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे."

मी आप्पांना सांगितलं. आप्पाही बसले. "म्हणजे काय?" ते म्हणाले. "परवाना मिळाल्यावर असं कोण सांगतं?"

वेंडेलने टोपी टेबलावर ठेवली. "त्याला सांग," तो मला म्हणाला. "जसंच्या तसं सांग. चहाबिहा घालू नकोस मध्ये. माझ्या लक्षात येत होतं ते."

माझे कान तापले. मग तो बोलत गेला आणि मी वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत गेलो. या वेळी मी काहीही गाळलं नाही.

"चार जुलैला, आमच्या स्वातंत्र्यदिनाला, गावात फटाके चालले होते. माझी मुलगी बेथ मागच्या दारानं आली. मला सांगून नाही, नेहमीसारखी. हातात केक होता, आणि मागं नात. मला दारात नुसती काळी सावली दिसली. वळलो तेव्हा पिस्तूल माझ्या हातात होतं. केक खाली पडला. आणि नात म्हणाली, आजोबा, मी आहे."

वैजू दाराशी येऊन उभी होती.

"बेथ म्हणाली, ते कमरेला असेपर्यंत आम्ही या घरात येणार नाही. आणि मी काय म्हणालो? माझा हक्क आहे म्हणालो. तसंच म्हणालो."

"मग काढून ठेवा ना," मी म्हणालो. हे माझं स्वतःचं वाक्य होतं.

"मंगळवारी आम्ही सहा जण नाश्त्याला भेटतो. सहाच्या सहा जणांच्या कमरेला असतं. त्यांना काय सांगू? म्हातारा स्वतःच्याच हाताला घाबरला? पूर्वी तो वर्ग असायचा, लक्ष्यावर गोळी मारायला लावायचे. या डोळ्यानं मी नक्की नापास झालो असतो. सरकारला चार शिव्या घातल्या असत्या, पिस्तूल कपाटात टाकलं असतं, आणि रविवारी बेथकडं जेवायला गेलो असतो. आता नापास करायला कुणीच उरलं नाही. शेरीफकडं माझा पुतण्या आहे. त्याला म्हटलं, मला अडव. तो म्हणाला, काका, आता अडवायचं नसतं."

त्याने आप्पांच्या वहीकडे बोट दाखवलं. "आणि मग हे भेटले. एकवीस रकाने. मला वाटलं, हा माणूस मला नक्की नापास करणार."

"तो मासा?" मी विचारलं.

"मुद्दाम."

"न्हाव्याचा दाखला?"

"मुद्दाम. डॉक्टरचाही. कुत्रा तर फार गरीब आहे."

मी हे आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"परवान्यासाठी लोक माझ्या पाया पडलेत," ते म्हणाले. "मंत्र्याचे फोन आलेत. पण 'मला नाही म्हणा' यासाठी अर्ज करणारा हा पहिलाच माणूस. आणि त्याला मी मंजूर करून बसलो. कागद पूर्ण होते म्हणून."

"मग खोडा," वैजू म्हणाली.

"शिक्का पडलाय, बाळ. मंजूर परवाना खोडता येत नाही. रद्द करावा लागतो. त्याला सुनावणी लागते. अर्जदाराचं म्हणणं ऐकावं लागतं."

"त्यांचं म्हणणं आत्ताच ऐकलं की!"

"ते खासगीत झालं. रीतसर नाही."

तेव्हा रीतसर सुनावणी झाली. वेंडेलला उभं केलं. परवाना का रद्द करू नये, असं आप्पांनी विचारलं, कारण प्रश्न तसाच विचारायचा असतो. वेंडेल म्हणाला, "जरूर करावा." आप्पा म्हणाले, असं चालत नाही, आधी करू नये असं म्हणा, मग मी ते फेटाळतो. वेंडेलने छाती पुढे काढून पुन्हा हक्काचं भाषण केलं, आणि चांगलं केलं. आप्पांनी ते फेटाळलं. मग डोळ्यांची तपासणी. आप्पांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन फ्रिजमधली एक जुडी काढून उंच धरली.

"काय आहे हे? शेपू का चाकवत?"

"हे मला दोन्ही डोळे चांगले असते तरी सांगता आलं नसतं," वेंडेल म्हणाला.

"नोंद घ्या," आप्पा मला म्हणाले. "ओळखता आलं नाही."

आदेश त्यांनी मराठीत लिहिला. वेंडेलने विचारलं, इंग्रजीत नाही का. आप्पा म्हणाले, शासनाची भाषा मराठी आहे. कोणत्या शासनाची, हे मी विचारलं नाही. लिहिताना त्यांनी डावा हात कागदावर आडवा धरला होता, त्यामुळे मला दिसत नव्हतं. मग बटाटा पुन्हा कुंकवात बुडाला.

"या आदेशावर तीस दिवसांत अपील करता येईल," आप्पा म्हणाले. "पुण्याला, विभागीय आयुक्तांकडं. स्वतः हजर राहावं लागतं."

"पुणं किती लांब आहे?"

"दोन विमानं," मी म्हणालो.

"छान," वेंडेल म्हणाला.

"आणि शस्त्र तात्काळ जमा करायचं."

इथे मात्र मी ओरडलोच. व्हिजिटरच्या ताब्यात पिस्तूल सापडलं तर आमची वरात थेट विमानतळावर गेली असती. शेवटी ठरलं की वेंडेलने ते पुतण्याकडे द्यावं. आप्पांनी आदेशाच्या दोन प्रती केल्या. एक अर्जदारास. दुसरीवर त्यांनी लिहिलं, 'प्रत माहितीसाठी रवाना: अर्जदाराची कन्या.'

पुतण्याने म्हणे तो लाल शिक्का पाहिला, काकाकडे पाहिलं, आणि पिस्तूल कुलपात ठेवलं. मंगळवारच्या नाश्त्याला वेंडेलने आदेश टेबलावर फिरवला. कुठल्या तरी परदेशी कचेरीने आपल्या माणसाला अडवलं म्हणून उरलेले पाचही जण भडकले. सरकार, कारकून आणि कागद यांचा त्यांनी तासभर उद्धार केला, आणि वेंडेलला वाटेल तेवढा धीर दिला. वेंडेलने मला हे सांगितलं तेव्हा तो इतका हसत होता की त्याला कुंपण धरावं लागलं.

त्या रविवारी सकाळी आमची बेल वाजली. दारात चाळिशीची एक बाई उभी होती, तिच्या हातात आप्पांची दुसरी प्रत, आणि मागे वेंडेल. वेंडेलचा हात एका सात-आठ वर्षांच्या मुलीने धरला होता.

"मी बेथ," ती म्हणाली. "बाबा म्हणतात, तुम्हाला हे वाचता येतं. त्यांना अडवलंय एवढं मला कळलं. का अडवलंय ते वाचून दाखवाल? डोळ्यांमुळे असेल, असं त्यांचं म्हणणं आहे."

मलाही तसंच वाटत होतं. मी कागद हातात घेतला. विषय, संदर्भ, रकाना एक ते एकवीस यांचा गोषवारा, सुनावणीची नोंद. कारण म्हणून डोळ्यांचा उल्लेख कुठेच नव्हता. शेवटी आप्पांच्या ठसठशीत अक्षरात कारणाचं एकच वाक्य होतं. ते मी आधी मराठीतच वाचलं, कारण इंग्रजी लगेच तोंडात येईना.

"अर्जदाराच्या घरी येणारी-जाणारी माणसे आहेत, सबब परवाना रद्द."

मग मी ते इंग्रजीत सांगितलं. बेथने परत सांगायला लावलं. मी परत सांगितलं. तिच्यामागे वेंडेलने तोंड वळवलं आणि आमच्या पत्रपेटीकडे फार बारकाईने पाहायला लागला. माझेही डोळे भरून आले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

बेथने नाक पुसलं. लाल सूर्यावरून एकदा अंगठा फिरवला. मग माझ्या खांद्यावरून आत, टेबलाशी बसलेल्या आप्पांकडे पाहून तिने हळूच विचारलं, "यांच्याकडे आणखी एक कोरा अर्ज मिळेल का? माझ्या नवऱ्यासाठी?"

मी आप्पांना सांगितलं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, वही उघडली, पट्टी घेतली.

"नमुना घेऊन जा म्हणावं. पण अर्ज त्यानं स्वतः आणायचा. कारण इथं बसून सांगावं लागतं."

"तो येईल," बेथ म्हणाली. "मी आणते."

"उद्या सकाळी साडेदहा," आप्पा म्हणाले. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू, उद्या सोमवार. तुम्हाला कामावर जायचं असेल."

ग्रीन कार्डची मुलाखत सोळा दिवसांवर होती. मी कारखान्यात फोन करून रजा टाकली.